पुरा पैलवान, अर्धा कोयता

शिरूर कासारात माणूस एकदा पैलवान झाला की सरणावर जाईपर्यंत पैलवानच राहतो. रेशनकार्डावरचं नाव तलाठ्याला आणि बँकेला माहीत. बाकीचं गाव, भावकी, मुकादम, एसटीचा कंडक्टर, सगळे 'पैलवान' म्हणूनच हाक मारणार. कुस्ती सुटून पंधरा वर्षं झालेली असोत, पोट लंगोटाची हद्द ओलांडून पुढे गेलेलं असो, हुद्दा कायम. कलेक्टर बदलून जातो, आमदार पडतो, पैलवान निवृत्त होत नाही. १९९९ साली हे तालुक्याचं गाव झालं, तेव्हापासून कचेऱ्या वाढल्या, झेरॉक्सची दुकानं वाढली, पैलवान मात्र कमी होत गेले. त्यामुळे जे उरलेत त्यांचा भाव टिकून आहे.

ओळखायला सोपा प्राणी. आधी कान बघावेत. मोडून पुन्हा घाईघाईत जागेवर बसवल्यासारखे दिसतात. मान हा अवयव नसतो, खांद्यावर थेट डोकं. दार कितीही रुंद असलं तरी आत येताना आडवा होऊन येतो. बसला की दोन्ही पंजे मांड्यांवर, कधी शड्डू ठोकायची वेळ येईल सांगता येत नाही. आणि बोलायला लागला की जगात कुस्तीशिवाय दुसरं काही घडतच नाही. ग्रामसभेत सरपंचानं विषय बदलला की 'पोकळ घिस्सा मारला'. कापसाचा भाव पडला की 'चितपट'. जावयानं सासऱ्याकडून मोटारसायकल काढली की 'एकेरी पट काढला'. मृगात पाऊस लांबला तर आभाळाकडे बघून म्हणणार, "अजून खडाखडीच चाललीय."

शिवाय प्रत्येक पैलवानाची एक बरोबरीत सुटलेली कुस्ती असते. जिंकलेल्या कुस्त्या तो विसरतो, हरलेल्या त्यानं केलेल्याच नसतात, पण ही एक त्याला जन्मभर पुरते. मी ज्याच्याबद्दल सांगतोय त्याची अशी कुस्ती कुठल्याशा जत्रेत कोल्हापूरकडच्या पठ्ठ्याशी झाली होती. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती वीस मिनिटं चालली होती आणि समोरचा सत्तर किलोचा होता. परवा ऐकली तेव्हा दिवेलागण झाली होती, गॅसबत्त्या आणाव्या लागल्या होत्या आणि समोरचा शंभराच्या पुढे गेला होता.

हा पैलवान माझ्या शाळेतल्या दोन लेकरांचा बाप. मुलगी चौथीत, मुलगा पहिलीत. मी त्यांचा गुरुजी, म्हणून हे सगळं मला जवळून बघायला मिळालं.

त्याची बायको त्याच्या दंडाएवढी होती. आवाज बारीक, अंगकाठी त्याहून बारीक. पण घरातला निकाली पैलवान तीच, हे सगळ्या आळीला माहीत होतं. पैलवान बाजारतळावर कुणाशी तरी भिडला आणि चार जणांना आवरेना झाला, की कुणीतरी पोरगं घराकडे पळायचं. ती यायची, गर्दीत शिरायची नाही, कडेला उभी राहून तेवढ्याच बारीक आवाजात म्हणायची, "दूध उतू चाललंय." बस. पैलवान समोरच्याची कॉलर सोडायचा आणि तिच्या मागून घरी जायचा. त्यांच्याकडे तेव्हा म्हैस नव्हती, चुलीवर दूध नसायचं, हेही आळीला माहीत होतं.

दोघं ऊसतोडीला जायची. दसरा-दिवाळीनंतर आमच्या तालुक्यातून टोळ्या निघतात, वाड्या ओस पडतात, वर्गातले बाक रिकामे होतात. कारखान्याचा पट्टा पडला की माणसं परततात. एका वर्षी परतल्यावर तिला ताप भरला. आधी साधा वाटला. मग बीड झालं, मग संभाजीनगर झालं. पोळ्याच्या आत ती गेली.

तेराव्यानंतर मुकादम आला. दुःख व्यक्त केलं, चहा घेतला आणि मग मूळ मुद्द्यावर आला. आमच्याकडे नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, उचलही त्याच हिशोबानं. मुकादमाचं काही चुकलं नव्हतं, बाजारात जो दर होता तोच त्यानं सांगितला. पैलवान बराच वेळ मांडीवर पंजे ठेवून बसला. मग म्हणाला, "एकशेदहा किलोचा माणूस अर्धा कसा भरतो, मुकादम? तुमचा काटा दाखवा." त्या वर्षापासून तो ऊसतोडीला गेला नाही. लेकरं लहान, म्हाताऱ्या आईला मोतीबिंदू. तो गावातल्या एका पिठाच्या गिरणीवर कामाला लागला.

आता तालमीतून निघालेल्या माणसाला गिरणी मानवते असं नाही. तिथं तांबडा होणारा इथं पांढरा होतो एवढंच साम्य. पण गिरणीचा एक गुण होता. दळण घेऊन बायका येतात, आणि दळणाबरोबर सल्ले येतात. भाजीत मीठ किती, पोराला जंत झाले तर काय, मुलीच्या उवा कशा काढायच्या, सगळी विद्या त्याला बाजरीच्या पायलीबरोबर मिळत गेली. दुसऱ्या लग्नाचे प्रस्तावही तिथंच यायचे. "लेकरांसाठी तरी करा." त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं: "तोडीची जोड न्हाई लागत, मावशी." मावशी आपल्या भाचीचं वय आणि शिक्षण सांगायला लागल्या की तो गिरणीचा पट्टा जोरात सोडायचा.

पहिला पेच वेणीचा पडला. म्हातारीला दिसत नव्हतं आणि शाळेत दोन वेण्या लाल रिबिनीत घालून यायचा नियम. पैलवानाला बांधायच्या दोनच गोष्टी येत होत्या, उसाची मोळी आणि कुस्तीतली मोळी. त्यानं दोन्ही वापरून बघितल्या. पोरगी पहिल्या दिवशी शाळेत आली ती भुवया कपाळाच्या मध्यावर घेऊन. केस इतके ताणले होते की तिला डोळे मिटता येईनात. मी विचारलं, "काय गं, आश्चर्य कशाचं वाटतंय?" ती म्हणाली, "कशाचं न्हाई गुरुजी, पप्पांनी वेणी घातलीय."

महिन्याभरात मात्र त्याचा हात बसला. तीन पेड हातात घेतले की तो पुटपुटायचा, "डावा आत, उजवा वरून, मधला दाब." पुढे पुढे आळीतल्या दोन-तीन मुली सकाळी त्याच्या ओट्यावर बसायला लागल्या. त्यांच्या आया ऊसतोडीवर, घरात आजी, आजीचे हात कापतात. ओट्यावर मुली रांगेत आणि मागं एकशेदहा किलोंचा माणूस दातात रिबिनी धरून बसलेला. रस्त्यानं जाणारे नवे तलाठी एकदा थांबून बघत राहिले. पैलवान रिबीन न सोडता म्हणाला, "काय हाय? सातबारा आनलाय का?"

घरामागं त्यानं कुस्तीचा हौद केला. एवढ्याशा जागेत, चार फरशा उभ्या लावून. आधी शेतातली काळी माती टाकली. ती पहिल्या पावसात अशी चिकटली की धाकटा गुडघाभर रुतून बसला आणि त्याला काढताना चप्पल आतच राहिली. मग बालाघाटाच्या डोंगराकडून तांबडी माती आणली, पिठाच्या चाळणीनं चाळली. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर. म्हातारी खाटेवरून वास घेऊन विचारायची, "लोणचं घालायलास का रं?"

पहाटे पाचला दोघं लेकरं उठायची. जोर, बैठका, मग भिजवलेले शेंगदाणे आणि गूळ. बदाम परवडत नाहीत, पण पैलवान त्यांना 'खुराक' म्हणूनच वाढायचा आणि लेकरंही तेवढ्याच गांभीर्यानं चावायची. पाढे पाठ होत नाहीत अशी मी तक्रार केली होती, त्यावर त्यानं उपाय काढला तो बैठकांचा. एक बैठक, बे एके बे. दुसरी बैठक, बे दुणे चार. पोरीचे पंधरापर्यंतचे पाढे चोख झाले. एकच अडचण राहिली. तपासणीला केंद्रप्रमुख आले, त्यांनी तेराचा पाढा विचारला आणि ही वर्गात उठाबशा काढायला लागली. साहेब घाबरून मला म्हणाले, "गुरुजी, मारझोड बंद आहे ना तुमच्याकडे? पोर नुसत्या पाढ्याला शिक्षा घेते." त्याच तपासणीत धाकट्याला विचारलं, वडील काय करतात? तो म्हणाला, "जोर काढतात आन् दळन दळतात."

हे वेड एकट्या त्याचंच नाही. डिसेंबर २०१६ मध्ये 'दंगल' आला तेव्हा निम्मे बाप आमिर खान झाले होते. उरलेले २०१८ साली झाले. शेजारच्या पाटोदा तालुक्यातल्या राहुल आवारेनं त्या वर्षी ऑस्ट्रेलियात, गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, ५७ किलो वजनात सुवर्णपदक मारलं आणि पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. राहुलचे वडीलही पैलवान. झालं, आष्टी-पाटोदा-शिरूर पट्ट्यात ज्याच्या घरात चार फुटांचं पोरगं होतं त्यानं लंगोट शिवायला टाकला. त्यातले बहुतेक लंगोट दिवाळीच्या आत पोछा झाले. आमच्या पैलवानाकडे मात्र हे टिकलं, कारण त्याला पदक नको होतं. त्याला सकाळचे दोन तास कसे काढायचे हा प्रश्न होता. आई नसलेल्या घरात सकाळ फार मोठी असते.

भावंडांच्या भांडणांसाठी त्यानं कायदा केला. भांडायचं तर हौदात. आधी सलामी, हातात हात. केस ओढायचे नाहीत, चावायचं नाही, डोळ्यात माती टाकायची नाही. निकाल होईल नाहीतर बरोबरीत सुटेल, पण संपल्यावर एकमेकांच्या पाठीवरची माती झाडायची. स्वतः रिकामा तेलाचा डबा हलगीसारखा वाजवायचा. पहिले आठ दिवस रोज फड भरला, आळीतली पोरं तिकीट काढल्यासारखी भिंतीवर बसली. मग ओसरत गेला. एका पेन्सिलीसाठी चड्डी बदला, मागं जा, सलामी करा, माती झाडा, आंघोळ करा, एवढा कारभार कोण करणार? लेकरांनी पेन्सिल अर्धी मोडून घेतली.

आमच्या गावात कराटेचा क्लास निघाला तेव्हा धाकट्यानं हट्ट धरला, रंगीत पट्टा पाहिजे. पैलवान चौकशीला गेला, मलाही ओढत नेलं. क्लासचे सर तरुण, वाचणारे. त्यांनी सांगितलं की आपण थोडं ज्युदोही शिकवतो, आणि जपानात १८८२ साली कानो जिगोरो यांनी ज्युदोची कोदोकान ही संस्था काढली, तेव्हापासून या विद्येत विद्यार्थ्याला सुरुवातीलाच नीट पडायला शिकवतात. हनुवटी छातीला लावायची, हातानं जमिनीवर थाप द्यायची, म्हणजे डोकं वाचतं.

"पडायला शिकवायची फी घेता?" पैलवान म्हणाला. "आमच्यात फुकट पाडत्यात."

पण परत येताना तो गप्प होता. सिंदफणेचा पूल आला तेव्हा म्हणाला, "गुरुजी, जपान्याचं बराबर हाय. आमचा वस्ताद बी आधी पाडायचाच. पन हे हनवटीचं त्यानं सांगितलं न्हवतं. आपसूक कळलं. तोवर दोन दात गेले." त्या संध्याकाळपासून घरामागं पडण्याचे धडे सुरू झाले. पुढं, मागं, कुशीवर. म्हातारीच्या खाटेवरूनसुद्धा, ती उठून गेली की.

आपल्याकडे पोर पडलं की आपण जमिनीला मारतो. 'हात् रे जमीन, माझ्या बाळाला लागलं.' म्हातारीही तसंच करायची. पैलवानानं ते बंद केलं. "जमिनीनं काय केलं? ती हाय तिथंच हाय. ह्यो आला तिच्यावर." परिणाम असा झाला की धाकटा शाळेच्या पायऱ्यांवरून घसरला तेव्हा त्यानं हनुवटी छातीला लावली, फरशीवर थाप मारली, उठला, आणि शेवटच्या पायरीला हात लावून कपाळाला लावत सलामी केली. आमच्या शिपायानं मला येऊन विचारलं, हे पोरगं कोणत्या देवाचं करतं?

पडण्याचं सोपं होतं. रडण्याचं अवघड होतं.

धाकटा पहिले काही महिने कधीही रडायचा. कुणाच्या आईनं डबा आणून दिला की. कुणी हिरवं लुगडं नेसून गेटासमोरून गेलं की. रात्री तर हमखास. थोरली अजिबात रडायची नाही, आणि ते जास्त वाईट होतं. पैलवानानं त्याला येणारे सगळे डाव टाकून बघितले. जिलबी आणली. खांद्यावर बसवून बाजार फिरवला. मोबाईल दिला. ओरडून बघितलं. "पैलवान रडत नसतात" हेही म्हणून बघितलं, त्यावर थोरलीनं शांतपणे विचारलं, "मंग तुमी कामून रडला होता, संभाजीनगरला?" या पटाला त्याच्याकडं तोड नव्हती.

तालमीत एक रीत आहे. मेहनत झाली, अंग तापलं, की पैलवान हौदात आडवे होतात आणि अंगावर माती ओढून घाम जिरवतात. ही दोघंही तसं करायची. एका सकाळी माती अंगावर घेऊन पडल्या पडल्या धाकटा रडायला लागला. पैलवान उठवायला गेला आणि बघतो तर थोरलीही रडत होती, छाताडापर्यंत मातीत, आवाज न करता. तो तसाच कडेच्या फरशीवर बसला. काहीच बोलला नाही. त्याला बोलायला काही सुचलं नाही, हे त्याचं स्वतःचं म्हणणं. दोघांचं झालं, आंघोळी झाल्या, शेंगदाणे खाल्ले, शाळेत आली. त्या दिवशी धाकटा वर्गात एकदाही रडला नाही.

दुसऱ्या दिवशी पैलवानानं जाहीर केलं, "रडायचं आसंल तर हितं. मातीत. जोर झाल्यावर. कुनी कुनाला गप म्हनायचं न्हाई. झालं की आंघोळ."

असं रडण्याला वेळापत्रक लागलं. आळीत बोभाटा झाला. गिरणीवर एका आजीनं पाटीतलं दळण खाली ठेवून सुनावलं, "लेकरांना रडायला लावतोस व्हय रं, बाप हाईस का कसाई?" मला त्या आजीचं पटत नाही. मयतीच्या घरी मी पुष्कळ गेलोय. तिथं लेकराला जो तो उचलतो, आई देवाघरी गेली म्हणतो, रडू नको म्हणतो, हातात बिस्किटाचा पुडा देतो आणि स्वतः ओसरीत जाऊन धाय मोकलतो. सगळ्यांना रडायची परवानगी, ज्याचं माणूस गेलं त्या पोरालाच मनाई. हा गडी निदान जागा दाखवत होता.

धाकट्यानं या व्यवस्थेतही व्यापार आणला. "आज न्हाई रडत, उद्या डबल रडतो." एकदा तर दोन बैठका माफ कराव्यात म्हणून त्यानं रडायचं आधी सुरू केलं. पैलवानानं ते ओळखलं, "ही नुरा कुस्ती हाय," म्हणाला, आणि दोनाच्या चार काढायला लावल्या.

नियम मोडायचाही. एके दिवशी दुपारी दोनला धाकटा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "गुरुजी, टाइम न्हाई, पन येतंय." मी त्याला मैदानाच्या कोपऱ्यात लिंबाखाली घेऊन गेलो, तिथं खो-खोच्या खांबाजवळची भुसभुशीत माती होती. तिच्यात बसून त्याचं पाच मिनिटांत झालं. पैलवानाला सांगितलं तर त्यानं मान डोलावून कायद्यात दुरुस्ती केली. "बाहेरगावी जोड लागली तर तिथल्या मातीत."

तुझं कुठं होतं, असं मी त्याला एकदा विचारलं. "गिरनीत," तो म्हणाला. "पट्टा चालू आसला की काय बी आइकू येत न्हाई. आन् पिठात तोंड कुनाचं वळखतंय?" आणि लगेच, "तुमचं गव्हाचं दळन बारीक करू का मध्यम?"

राहुल आवारेची गोष्ट तो लेकरांना जेवताना सांगायचा. तिच्यात पदकापेक्षा वस्तादाचा भाग मोठा. लातूरकडचे हरिश्चंद्र बिराजदार, रुस्तुम-ए-हिंद, १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी स्वतः सुवर्ण घेतलेलं. राहुल त्यांच्या हाताखाली तयार झाला. २०११ मध्ये बिराजदार मामा गेले. पुढं काका पवारांनी त्याला घडवलं, आणि २०१८ ला पदक मिळालं तेव्हा राहुलनं ते गेलेल्या वस्तादाला वाहिलं. हे सांगून झालं की पैलवान भाकरीचा तुकडा वर धरून म्हणायचा, "वस्ताद गेला. पन त्यानं शिकवलेला डाव ऱ्हातो का न्हाई?"

असं वाक्य टाकलं की समोरच्यानं मान डोलवायची असते. थोरली म्हणाली, "मंग आईचे डाव कंचे?"

पैलवानाला एकही सांगता येईना. त्याला बायकोचे डाव फक्त खालून माहीत होते. शेवटी थोरलीनंच माझ्याकडून एक वही मागून नेली, शुद्धलेखनासाठी म्हणून. महिन्यानं तपासायला घेतली तर आत 'आईचे डाव' असं शीर्षक, खाली आकडे, आणि कंसात बापाला विचारून घेतलेली कुस्तीतली नावं. 'शेजारच्या काकूचा डबा रिकामा द्यायचा नाही, थोडे तरी तिखट घालायचे (सलामी).' 'बाजरीचे पीठ कढत पाण्यात मळायचे, मग भाकरी तुटत नाही (कस).' 'भैय्या जेवत नसला तर म्हणायचे, खाऊ नको, हे मांजराचे आहे (भुलवून टांग).' 'पप्पांचा खिसा तपासायचा नाही. किती उरले एवढेच विचारायचे, पप्पा स्वतः काढून देतात (एकेरी पट).' 'मुकादमासमोर हिशोब तोंडी करायचा, बोटे मोजत. मुकादम घाबरतो (निकाल डाव).' असे सतरा डाव. शुद्धलेखनाच्या चुका होत्या. मी लाल पेन उघडलं आणि बंद केलं, 'मांजराचे'मधला अनुस्वार तेवढा राहिला होता तो दिला.

या वर्षी जत्रेच्या फडात थोरलीला उतरवायचं ठरलं. म्हातारी खाटेवरून कडाडली, "पोरीच्या जातीनं कुस्ती?" पैलवानानं तिला २०२३ ची सांगली ऐकवली. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी तिथं झाली, प्रतीक्षा बागडीनं जिंकली. म्हातारी म्हणाली, "तिची आजी आंधळी न्हवती म्हून बघाया मिळालं तिला. मला कोन सांगंल काय चाललंय ते?" विरोधाचं खरं कारण हे होतं. मग धाकट्याला तिच्या शेजारी धावत्या वर्णनासाठी नेमलं.

फडाची सुरुवात नेहमीप्रमाणं लहानांच्या, रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. हलगी कडाडत होती, फेटेवाले पंच पोरांच्या जोड्या लावत होते. थोरलीची जोड पलीकडच्या वाडीतल्या मुलीशी लागली. सलामी झाली, दोघींनी माती उचलून एकमेकींना लावली. आमची पोरगी पटात शिरली, पण ती दुसरी मुलगी चपळ होती. तिनं बगल काढली, मागं गेली, आणि कुणाला काही कळायच्या आत थोरली खाली, पाठ मातीला. हनुवटी मात्र छातीला लावलेली होती, एवढं मी शपथेवर सांगतो.

पंचांनी हात वर केला. आणि आमचा पैलवान आखाड्यात घुसला.

"खांदा लागला न्हाई! चार बोटं वर व्हता!" पंच म्हणाले लागला. हा म्हणाला लागला नाही. दुसरे पंच आले. यानं त्यांना मातीतली खूण दाखवली, मग स्वतःच आडवा पडून खांदा कसा होता त्याचं प्रात्यक्षिक दिलं. एकशेदहा किलो जमिनीवर आणि चार बोटं वर. हलगीवाला थांबला. लोक उठून उभे राहिले. त्या मुलीचा बापही बाह्या सरसावून आत आला, तोही पैलवान, त्याचेही कान मोडलेले. दोघांनी छात्या भिडवल्या. पोलीसपाटील शिट्टी शोधायला लागले. म्हातारी कडेला धाकट्याला विचारत होती, "कोन पडलं रं?" आणि तो सांगत होता, "ताई पडली, आता पप्पा पडायलेत."

थोरलीनं मधल्या काळात त्या दुसऱ्या मुलीच्या पाठीवरची माती झाडली होती आणि स्वतःची झाडून घेतली होती. मग ती आली. बापांच्या मध्ये शिरली नाही. कडेला उभी राहून, मोठ्यानं नाही, म्हणाली, "पप्पा, दूध उतू चाललंय."

हा डाव वहीत नव्हता. मी वही शब्दन् शब्द तपासली होती.

पैलवानाचे हात खाली आले. त्यानं समोरच्याकडं बघितलं, त्याला सलामी केली, पंचांच्या पाया पडला, पोरीच्या मागून आखाड्याबाहेर आला आणि म्हातारीच्या बाजेवर बसला. हलगी पुन्हा सुरू झाली. पंचांनी जिंकणारीला आणि हरणारीला, दोघींना रेवड्यांचे पुडे दिले. थोरलीनं आपला पुडा धरायला धाकट्याकडं दिला आणि ती पायातली माती धुवायला पाण्याच्या हौदावर गेली. येईपर्यंत धाकट्यानं तो संपवला होता, आणि कायद्याप्रमाणं भांडायचं तर आधी घरी जावं लागेल, असं तो तिला वर सांगत होता.